चहाचे मळे नसलेल्या गोव्यात, चहावाल्या मामांबरोबर

गोव्यात चहाचे मळे नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचून कुणी विचारायला नको. या प्रवासात चहाबद्दल जे ऐकलं ते सगळं आमच्या मामांकडून. त्यांची उभी नोकरी तमिळनाडूतल्या वालपाराईच्या चहामळ्यांवर गेली, तीही ऑफिसात नाही, फील्डवर. आता कोल्हापुरात असतात आणि कुठंही नेलं की आधी खाली बघतात. आपण देवळाचा कळस बघावा, तर मामा देवळामागची दरड बघत उभे. दिवाळीच्या तोंडावर मामींच्या माहेरी, फोंड्याजवळ सावई-वेऱ्याच्या बाजूला जायचं ठरलं. तिथं जुनं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची पाटाच्या पाण्यावरची बाग, आहे म्हटल्यावर मीही गाडीत बसले.

शुक्रवार : चोर्ला घाट

बेळगावहून चोर्ल्यानं उतरलो. ऑक्टोबर निम्मा उलटून गेलेला, पण परतीचा पाऊस अजून परतला नव्हता. सुर्ल्याच्या आसपास दुपारीच आभाळ काळवंडलं आणि असा कोसळला की वायपरला काही सुचेना. गाडी कडेला घेऊन काच थोडी खाली केली. एका बाजूला गर्द रान, दुसऱ्या बाजूला रस्त्यासाठी तासलेली उघडी दरड. रानातून वाहत येणारं पाणी बऱ्यापैकी नितळ आणि दरडीवरून येणारं लालभडक. दोन्ही पाणी आमच्या चाकाखाली एकत्र होत होतं.

"आमच्या मळ्यांची सगळी गोष्ट एवढीच आहे," मामा म्हणाले. "जमीन उघडी ठेवायची की झाकायची."

मग पाऊस थांबेपर्यंत ते बोलत राहिले. वालपाराईचा डोंगर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रान तोडून लागवडीखाली आला. जुन्या साहेबांना मळा कसा हवा, तर आरशासारखा लख्ख, झुडपांच्या मध्ये गवताची काडी दिसता कामा नये. खुरपून खुरपून जमीन उघडी केली आणि वरची काळी माती पावसानं ओढ्यात नेली. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शंभर वर्षं आणि त्याहूनही जास्त लागतात. जायला असा एखादा पाऊस पुरतो. पुढच्या पिढ्यांनी मग समपातळीवर ओळी धरल्या, उतारावर आडवे चर काढले, मऊ तण राहू दिलं.

मी विचारलं, गोव्यात पाऊस आहे, डोंगर आहे, माती आंबट आहे, मग इथं चहा का नाही? साधारण 4.5 ते 5.5 सामूची (पीएचची) आंबट माती चहाला मानवते हे मला ठाऊक होतं, आणि जांभ्याची माती आंबटच असते.

"पाऊस आहे, पण सगळा चार महिन्यांत," मामा म्हणाले. वर्षाला 3000 मिलिमीटर पडला तरी तो जून ते सप्टेंबरमध्येच उरकतो. पुढचे सात-आठ महिने कोरडे, त्यात किनाऱ्याचा उष्मा. चहाला बारा महिने थोडं थोडं पाणी लागतं, कारण दक्षिणेत तो बारा महिने खुडायचा असतो. शिवाय त्याचं सोटमूळ खोल जातं. इथं बऱ्याच ठिकाणी हातभर खणलं की जांभा लागतो.

पाऊस ओसरल्यावर अंजुणे धरणाचं पाणी डावीकडं ठेवून साखळीत उतरलो. तिथं भाजी-पाव खाल्ला. पातळ भाजी, वर शेव, बरोबर गरम मिरची भजी. गोव्यात शिरताना हे खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नये असं माझं मत आहे आणि ते बदलण्याचं काही कारण अजून सापडलेलं नाही.

(चोर्ल्यानं येणार असाल तर या दिवसांत घाट दुपारी तीनच्या आत उतरा. नंतर धुकं खाली येतं आणि मालट्रकमागं अडकलात की वेळेचा हिशोब सोडून द्यावा लागतो.)

शनिवार : कुळागर

सकाळी जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. घराच्या वरच्या अंगाला डोंगरात झर आहे, तिचं पाणी तळीत साठतं आणि तिथून पाटानं टप्प्याटप्प्यानं खाली कुळागरात उतरतं. पंप नाही. मामींचे भाऊ, ज्यांना इथं सगळे भाऊच म्हणतात, रोज सकाळी फावडं घेऊन जातात, एका पाटाचं तोंड मातीनं बुजवतात, दुसऱ्याचं उघडतात. घरी कोंकणी, आमच्याशी मराठी, ओसरीवर मराठी पेपर. पाहुणे बघायला निघाले म्हटल्यावर तो पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि "येयात" म्हणून पुढं निघाले.

कुळागर लांबून बघितलं तर नुसती पोफळीची गर्दी दिसते. आत गेल्यावर मजले कळतात. सगळ्यात वर माड आणि पोफळी, एखादा फणस. पोफळीच्या अंगावर मिरीचे वेल चढलेले. खाली जायफळ, भिरंड (कोकम), केळी. त्याहून खाली अननस, आलं-हळद, अळू. ऊन जमिनीवर पोचतं ते तुकड्या-तुकड्यांनी. बाहेर घामानं शर्ट चिकटत होता, आत शिरताच गारवा.

मामा दहा पावलं चालले आणि बसले. हातानं वरचा पाला सारला. पोफळीच्या झावळ्या, केळीची सोपटं, त्याखाली अर्धवट कुजलेला थर, त्याखाली माती. मुठीत घेतली तर उकळून काढलेल्या चहापुडीसारखी काळी आणि मोकळी. दोन गांडुळं लगबगीनं आत गेली.

"आम्ही मळ्यात जे परत आणायला धडपडलो ते हे," मामा म्हणाले.

चहा हे झाड पानांसाठी कापायचं. चार-साडेचार किलो ओली पानं खुडली की एक किलो चहा होतो. त्या कोरड्या चहात चार टक्क्यांच्या आसपास नत्र असतं. म्हणजे हेक्टरी दोन हजार किलो चहा काढला तर ऐंशी किलो नत्र मळ्याबाहेर गेलं. ते भरून काढायला युरिया, अमोनियम सल्फेट. आणि अमोनियमवाल्या खताचं मातीत नायट्रेट होताना आम्ल सुटतं. चहाला आंबट माती आवडते खरी, पण वर्षानुवर्षं हे चाललं की सामू चारच्याही खाली घसरतो आणि दिलेलं खत मुळांना नीट घेता येत नाही. म्हणून दक्षिणेतल्या मळ्यांत छाटणीच्या चक्रात एकदा डोलोमाइट, म्हणजे आम्ल मारणारी चुनखडीसारख्या दगडाची पूड, टाकतात. चार-पाच वर्षांनी झुडूप खोल छाटायचं, आणि त्या छाटलेल्या फांद्या-पानांत सगळी गोम आहे. त्या जागेवरच पसरून कुजू दिल्या तर नत्र, पालाश, सेंद्रिय कर्ब तिथंच परत जातो. मजुरांना त्याच फांद्या चुलीला लागतात. "फांद्या नेऊ देऊ नका हे सांगायला सोपं," मामा म्हणाले. "गॅस सिलिंडर मजुरांच्या चाळीत आले तेव्हा मातीचं जेवढं भलं झालं तेवढं कुठल्या भाषणानं झालं नाही." हे वाक्य मी तिथल्या तिथं फोनमध्ये टिपून घेतलं.

भाऊ हे सगळं ऐकत पाटातला पाला काढत होते. म्हणाले, "आमच्यात बाहेर जाते ती फक्त सुपारी, नारळ नि मिरी. बाकीचं पडलेलं तिथंच. वडील सांगायचे, कुळागर झाडायचं नसतं."

मळ्यांतही सावलीची झाडं असतात. दक्षिणेत सिल्व्हर ओक आणि त्यावर मिरीचे वेल, आसामात शिरीष जातीची झाडं. शिरीष शेंगवर्गातली, मुळांच्या गाठींत नत्र धरणारी. जुना चहा उपटून नवा लावण्याआधी आसामात जमिनीला दीड-दोन वर्षं विश्रांती देऊन तिच्यावर ग्वाटेमाला गवत वाढवतात आणि कापून तिथंच अंथरतात. जोरहाटचं टोकलाई संशोधन केंद्र 1911 पासून असल्या प्रश्नांवर काम करतंय.

"गवत? मग आमच्याकडं पण चहा आहे," असं म्हणत भाऊंच्या पत्नी, म्हणजे काकी, आम्हाला मेरेच्या (बांधाच्या) कडेला घेऊन गेल्या. गवती चहाची दाट बेटं, त्यांच्या पुढं वाळा. मामा हसतील असं वाटलं, पण ते बेट हलवून मुळं बघायला लागले. असल्याच गवतांच्या ओळी उताराच्या मळ्यांत कडेनं लावतात, माती धरून ठेवायला. तुम्ही हे का लावलंत विचारल्यावर काकींनी सरळ सांगितलं, "मेर कोसळते म्हणून. नि संध्याकाळी च्यात घालायला."

आता जे कौतुकात बसत नाही ते. कुळागर म्हणजे सगळं नैसर्गिक, असं पर्यटकांना सांगितलं जातं. पावसाळ्यात पोफळीला कोळेरोग येतो, कच्ची फळं कुजून गळतात, आणि त्यावर बोर्डो मिश्रण फवारतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं मातीत विरत नाही, साठत जातं. मामांना हे घरचंच होतं. 1946 मध्ये दक्षिणेत चहाच्या पानांवर फोड आणणारी बुरशी आली, तेव्हापासून तिथंही तांब्याची फवारणी. गांडुळांना आणि मातीतल्या उपयोगी बुरशीला ते जास्त झालं की सोसत नाही. भाऊंचं म्हणणं, फवारलं नाही तर अर्धं पीक जमिनीवर. दोघांचंही खरं होतं.

भाऊंचा मुलगा पणजीत नोकरीला आहे, दिवाळीसाठी आला होता. त्याचं मत, रासायनिक सगळं एका दिवसात बंद केलं पाहिजे. मामांनी त्याला श्रीलंका सांगितली. 2021 मध्ये तिथल्या सरकारनं रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली आणि नोव्हेंबरात निर्णय मागं घेतला. पण 2021 मध्ये जवळजवळ 30 कोटी किलो असलेलं चहाचं उत्पादन 2022 मध्ये 25 कोटींवर आलं. सगळं खतावर ढकलता येणार नाही, देशाचं दिवाळंही त्याच सुमाराला निघालं होतं. तरी खताची सवय लागलेल्या मातीत आधी कर्ब वाढवायला वर्षं द्यावी लागतात, हे त्यांनी स्वतः सेंद्रियकडं वळवलेल्या तुकड्यावर बघितलं होतं. मुलगा गप्प झाला नाही. जेवणापर्यंत वाद चालला.

जेवायला खतखतं. त्यात सुरण, कणगी, कच्ची केळी, तूरडाळ, तिरफळ, आणि अर्थात भिरंडाची सोलं. सोबत उकड्या तांदळाचा भात. मी तीनदा घेतलं.

(फोंड्याच्या आसपास तिकीट लावून दाखवल्या जाणाऱ्या मसाल्याच्या बागा बऱ्याच आहेत. तिथं वेलदोडा आणि व्हॅनिला दाखवतात, माती कुणी दाखवत नाही. वाकून पाला बाजूला करून बघा, कुणी ओरडत नाही. पायात मात्र बंद बूट हवेत, जळवा आणि साप दोन्ही आहेत.)

रविवार : काजूचा डोंगर आणि लाल टेकड्या

भाऊंचा काजू वरच्या कातळाकडच्या उतारावर. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, उघड्या टेकड्यांवर माती धरून ठेवायला लावला असं सांगतात. आता त्याची फेणी 2009 पासून भौगोलिक मानांकन मिरवते. या महिन्यात झाडावर बोंडू नसतात, नुकती तांबूस पालवी फुटायला लागलेली असते.

मामांनी एक कोवळा शेंडा वाकवला. देठावर तपकिरी लांबट डाग, डिंकाचा थेंब. "अरे, हा इथं पण!"

भाऊ म्हणाले, ढेकण्या. त्याचंच इंग्रजी नाव टी मॉस्किटो बग. चहावर त्याची एक जात, काजूवर दुसरी, घराणं एकच. कोवळ्या पालवीतला रस शोषतो, शेंडा वाळतो, मोहोर काळा पडतो. मामांचा हा जन्मभराचा वैरी, आणि तो काजूवर भेटल्यावर त्यांना जवळजवळ आनंदच झाला.

पण याच किड्यापायी झालेली एक भयंकर गोष्टही त्यांनी सांगितली. केरळमधल्या कासरगोडच्या सरकारी काजूबागांवर ढेकण्या मारायला 2000 सालापर्यंत वीसहून अधिक वर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं. खाली वस्त्या होत्या, विहिरी होत्या. जन्मतःच व्यंग असलेली मुलं, मेंदूचे आजार. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये देशभर त्याच्यावर बंदी घातली. चहाच्या बाबतीत कुठलं औषध चालेल याची यादी टी बोर्डानं त्यानंतर ठरवून दिली, आणि आता विकत घेणारेही पानांत अंश किती उतरतो ते तपासतात.

भाऊंच्या दोन झाडांवर पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी होती. त्या झाडांची पालवी स्वच्छ. मुंग्या ढेकण्याला टिकू देत नाहीत. तोडणाऱ्या बायका मात्र त्या झाडाखाली जायला तयार नसतात, असं काकी म्हणाल्या. मी फोटो काढायला जवळ गेले आणि बायकांचं का पटतं ते मानेवर कळलं.

मामांच्या खिशात सामू बघायच्या कागदी पट्ट्या असतात. ढोबळ मोजमाप, पण फरक दिसतो. कुळागरातली माती साडेपाच आणि सहाच्या मधे, काजूच्या उतारावरची पाचच्या आसपास. स्फुरद अशा मातीतल्या लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतो, म्हणून महागड्या सुपर फॉस्फेटपेक्षा इथं रॉक फॉस्फेट बरा, आंबट मातीच तो हळूहळू विरघळवते. चहातही तेच करतात. भाऊंनी हे मात्र लिहून घेतलं.

(मातीचा नमुना काढायचा तर वरचा पाला बाजूला करून, व्ही आकाराचा खड्डा घेऊन, कडेची एकसारखी चकती काढायची. आठ-दहा जागांची माती एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. खत टाकल्याला किंवा चुना मारल्याला महिनाही झाला नसेल तर काढू नका. मृदा आरोग्य पत्रिका 2015 पासून मिळते, तिच्यात बारा गोष्टी मोजतात. त्यातला सेंद्रिय कर्बाचा आकडा आधी बघा.)

दुपारी डिचोलीकडं एका नातेवाइकांना फराळ द्यायला गेलो. वाटेत खाणींच्या टेकड्या. पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला डोंगर, बाजूला टाकलेल्या मातीचे ढीग, काहींवर बाभळीसारखी लावलेली झाडं. लोहखनिजाच्या खाणी 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 88 परवाने रद्द केले, आता पुन्हा लिलाव होऊन काही सुरू झाल्या आहेत. नातेवाइकांच्या घरात एकाचा ट्रक होता आणि दुसऱ्याच्या भातशेतीत गाळ येऊन बसला होता. एकाच चुलीवर जेवणारे दोन भाऊ. मामा इथं काही बोलले नाहीत, आणि मी पण फार लिहीत नाही, कारण पाऊण तासाच्या भेटीत कळावं असं ते प्रकरण नाही.

सोमवार : दिवाडी

जुन्या गोव्याला एला इथं कृषी अनुसंधान परिषदेची किनारी शेतीवरची संस्था आहे. तिच्या फाटकाशी थांबलो, पण दिवाळीची सामसूम होती, म्हणून सरळ धक्क्यावर. फेरीबोटीनं मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर. पायी माणसाला तिकीट नाही, आणि पाच मिनिटांत तुम्ही वेगळ्या काळात.

धक्क्यावरून पुढं दोन्ही बाजूंना खाजन. नदीच्या भरतीच्या पातळीहून खाली असलेली जमीन, शतकानुशतकं मातीचे बांध घालून राखलेली. बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं तेव्हा उघडतात, भरती आली की बाहेरच्या दाबानं आपोआप मिटतात. पिवळं भात वाऱ्यावर लवलेलं, अर्ध्या शेतांत कापणी सुरू. कापणारे एक आजोबा बांधावर बिडी ओढत बसले होते. त्यांनी सांगितलं की ते अजून थोडं कोरगुट जातीचं भात लावतात, उंच वाढणारं आणि खारं पाणी सोसणारं.

मामा या आजोबांना सोडायला तयार नव्हते. मीठ कसं घालवता? पहिल्या पावसाच्या पाण्यानं शेत धुवायचं, ते पाणी मानशीतून ओहोटीला सोडायचं, मग परत धुवायचं. खत? नदीचा गाळ. बांध फुटला तर? आजोबांनी पलीकडं हात केला. तिथं एका तुकड्यात खारफुटी माजली होती. बांधाबाहेरची खारफुटी राखण करते, आत आली की शेत गेलं म्हणायचं. पूर्वी गावकरी एकत्र येऊन बांध दुरुस्त करायचे. आता मानशीतल्या मासळीचा लिलाव घेणाऱ्याला भरतीचं पाणी आत हवं असतं, कारण त्याबरोबर मासळी येते, आणि शेतकऱ्याला ते नको असतं. मोठ्या बोटींच्या लाटांनी बांध खचतात ते वेगळंच.

मामा परत येताना बोटीत म्हणाले की वालपाराईत माती कंपनीची असते, इथं ती बांधाच्या टोकापासून टोकापर्यंत सगळ्यांची, म्हणून एकाच्या आळसानं सगळ्यांची जाते. मला उलट वाटलं. सगळ्यांची होती म्हणूनच इतकी शतकं टिकली. त्यावर आमचं एकमत झालं नाही.

(दिवाडीत दुपारी जेवणाची फारशी सोय नाही, बरोबर काहीतरी ठेवा. बांधावरून चालताना कापणीचं भात तुडवू नका.)

रात्री नरकासुर. फोंड्यात वाड्या-वाड्यांवर पोरांनी गवत, कागद आणि बांबूचे दोन मजली राक्षस उभे केलेले, डोळ्यांत लाल दिवे, आणि स्पीकर असे की छातीत ठोके. ज्यांना झोप हवी त्यांनी या रात्री फोंडा शहरात मुक्काम करू नये.

मंगळवार : फोव

पहाटे नरकासुर जळले. अंगणात तुळशीपुढं डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं आणि ओसरीवर फोव मांडले. नव्या भाताचे पोहे, पण नाना तऱ्हांचे. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गूळ-खोबरं कालवलेले, बटाट्याचे, तिखट. मला नारळाच्या रसातले आवडले. ताकातले मामींनी माझ्या वाटणीचेही खाल्ले.

भाऊ आणि मामा पोह्यांवरही मोरचुदावरच होते. मामांचं म्हणणं, पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी वेळेवर झाली आणि घडांना प्लॅस्टिकच्या टोप्या घातल्या तर पुढची एखादी वाचते. भाऊंचं म्हणणं, टोपी घालायला पोफळीवर चढणारा माणूस आणायचा कुठून? पाडेली आता एकच उरलाय, आणि त्याची तारीख मिळवायला डॉक्टरपेक्षा जास्त दिवस लागतात. शेवटी ठरलं ते एवढंच, की झरीजवळच्या वरच्या टप्प्यातल्या पोफळींना येत्या पावसाळ्यात टोप्या घालून बघायच्या, पाडेल्याला आगाऊ पैसे द्यायचे, आणि मामांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात यायचं. काकींनी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरात तसं लिहिलं आणि मामींना म्हणाल्या, तेव्हा फणस पिकलेले असतील, रिकाम्या पिशव्या घेऊन या.